लाकडाला घाई चालत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचं." तेव्हा मी आधी सरळ नकार दिला. मी काही व्याख्याती नव्हे. पाककृती सांगाव्यात तर इथे माझ्याहून सुगरणी बसल्या आहेत. पण त्यांनी विषयही ठरवूनच आणला होता. घरातील लाकडी सामान मोडले, बिघडले, तर गृहिणीला स्वतःला काय करता येईल, यावर बोलावे असा त्यांचा आग्रह. आमच्या घरातल्या खुर्च्या मी जोडते ही बातमी गल्लीत फुटली होती, त्याचे हे फळ! तेव्हा चुका करून जे शिकले, तेच आज सांगते.

पहिली चूक आधी सांगते, म्हणजे पुढचे ऐकायला तुम्हाला धीर येईल.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. आमच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर घरी परतलो, तर जिन्याखाली सासूबाईंचा पाळणा चिखलात आडवा पडलेला. सागवानी, चारी बाजूंनी कातीव गज, वर लाल-हिरवा रंग. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्यात वाढल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता पदर डोळ्यांना लावला. मला वाटले, हा आपण वाचवलाच पाहिजे. मी तो धुतला आणि पाऊस उघडल्यावर कडक ऊन पडू लागले तसा सरळ गच्चीवर नेऊन ठेवला. चार दिवसांनी दुपारी 'टक्' असा आवाज झाला. जाऊन पाहते तो तळाची फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी फाटलेली. पुराने जे केले नव्हते ते माझ्या मायेने केले.

सुतारमामा आले. पाळण्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वैनी, लाकडाला घाई केलासा. त्याला सावलीत आनि सवडीनं वाळवायचं असतंय बगा."

या एका वाक्यात लाकडाचे सगळे शास्त्र आहे. ते आता थोडे उलगडून सांगते.

झाड तोडले, फळी झाली, पॉलिश झाले, तरी लाकूड हवेतील ओलावा घेणे-सोडणे थांबवत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि वैशाखात पापड तासाभरात कडकडीत होतात. तोच अनुभव लाकडालाही येतो. ओल आली की ते फुगते, गेली की आकसते. पण सगळीकडून सारखे नाही. लांबीत जवळजवळ फरक पडत नाही, सगळा फरक रुंदीत पडतो. सागवान तर गुणी लाकूड, तरीही फूटभर रुंदीची सागवानी फळी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मोजली तर दोन-तीन मिलिमीटरांचा फरक सहज निघतो. ओले लाकूड उन्हात ठेवले की वरचा थर भराभर आकसतो, आतला ओलाच राहतो. वरच्याला आकसायचे असते आणि आतला त्याला जागा देत नाही. या ओढाताणीत फळी फाटते.

हे एकदा मनात बसले की घरातल्या निम्म्या तक्रारींचे उत्तर आपोआप सापडते.

आता जुलैमध्ये अडणारी दारे घ्या. दार चौकटीत घासू लागले की आपण सुताराला बोलावतो आणि रंधा मारून घेतो. दार छान लागते. मग मार्च उजाडतो आणि त्याच दारातून बोटभर फट दिसू लागते. कडी कोयंड्यात बसत नाही. तेव्हा भर पावसात रंधा मारू नये. आधी बिजागरीचे स्क्रू पाहावेत. दहांतल्या पाच वेळा दार फुगलेले नसते, वरची बिजागरी ढिली होऊन ते खाली झुकलेले असते. स्क्रू नुसताच फिरतो आणि आवळत नाही, असे असेल तर भोक मोठे झाले आहे. देवापुढच्या अगरबत्तीच्या उरलेल्या काड्या बांबूच्या असतात. त्या दोन-तीन काड्या डिंकात बुडवून भोकात घट्ट बसवाव्या, बाहेर आलेले तुकडे कापावेत आणि दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू आवळावा. दार जागेवर येते. तरीही घासत असेल तर चौकटीला खडू फासून दार लावून पाहावे. दारावर खडू उमटेल तीच घासण्याची जागा. तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी आणि सुताराला दिवाळीनंतर बोलवावे. तोवर मेणबत्ती घासून काम भागते. कपाटाचे खण अडतात, तिथेही खालच्या पट्ट्यांवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा. तेल मात्र लावू नये. तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात तिचा चिकटा होतो.

दुसरे दुखणे डगमगणाऱ्या खुर्चीचे. खुर्ची हलली की घरातले पुरुष हातोडी घेतात आणि एक मोठा खिळा ठोकतात. रागावू नका, आमच्याही घरात हेच होत असे. खिळ्याने खुर्ची आठ दिवस गप्प बसते आणि नवव्या दिवशी त्याच जागी लाकूड चिरते. खुर्चीचा सांधा म्हणजे एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवलेले असते. ते डिंकाने धरलेले असते. डिंक सुटला की सांधा हलतो. म्हणून औषध डिंकाचेच हवे. पण जुन्या डिंकावर नवा डिंक धरत नाही, आणि इथेच बहुतेकींची फसगत होते. सांधा हलक्या हाताने उघडावा, जुना डिंक पटाशीच्या कडेने किंवा काचकागदाने खरवडून लाकूड उघडे करावे, मग नवा डिंक दोन्हीकडे लावून सांधा बसवावा.

पूर्वी सुतार सरस कढवून वापरत. १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आले आणि पुढे कढवण्याचा तो खटाटोप गेला. पण तो पांढरा डिंक धरेपर्यंत सांधा दाबून ठेवावा लागतो. शिकंजा घरात नसतो, हरकत नाही. खुर्चीच्या चारही पायांभोवती सुंभाची किंवा सुती दोरी दोनदा गुंडाळून गाठ मारा, दोरीच्या दोन पदरांत लाटणे घाला आणि पीळ द्या. दोरी आवळत जाते आणि सांधा दाबला जातो. लाटणे एका पायाला अडकवून ठेवा. मग टेपने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरपी मापे घ्या. दोन्ही सारखी आली तर खुर्ची काटकोनात आहे. कमीजास्त आली तर जास्त मापाच्या बाजूने दाबून सारखी करा. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसा, नाहीतर पुढे तिथे पॉलिश बसत नाही. चोवीस तास कोणालाही बसू देऊ नका. हा शेवटचा भाग आमच्या घरात सगळ्यात अवघड ठरला!

सांधे घट्ट असूनही खुर्ची डगमगते, तर आधी ती थोडी फिरवून दुसरीकडे ठेवून पाहा. डगमगणे थांबले तर दोष फरशीचा, खुर्ची निर्दोष. सगळीकडेच डगमगत असेल, तर आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत जा. किती जाडीला ती स्थिर होते ते पाहा. तेवढ्याच जाडीचा जुन्या कोल्हापुरी चपलेच्या चामड्याचा तुकडा पायाखाली डिंकाने चिकटवा. कोल्हापुरात असले चामडे कोणत्या घरात नसेल? बाकीचे तीन पाय कापून सारखे करण्याच्या भरीस पडू नका. मी पडले होते. ते स्टूल आज पाट म्हणून वापरतो.

आता किडीबद्दल. आपण सगळ्याच किडीला वाळवी म्हणतो. पण दोन निरनिराळे शत्रू आहेत. कपाटाखाली पिठासारखा बारीक भुसा पडतो आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके दिसतात, तो भुंगेऱ्याच्या अळीचा उद्योग. ही अळी बहुधा सालीजवळचे पांढुरके लाकूड खाते, सागाच्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. आंब्याची फळी, खोक्याचे लाकूड यांत ती हमखास. भोके दिसली म्हणजे कीड जिवंतच आहे असे नाही. खाली काळा कागद अंथरावा, भुसा झाडून टाकावा आणि पंधरा दिवस पाहावे. नवा भुसा पडला तर कीड आत आहे. लिटरभर कोमट पाण्यात विरघळेल तेवढा टाकणखार घालून तो, पॉलिश नसलेल्या आतल्या आणि मागच्या बाजूने, ब्रशने दोन-तीनदा लावावा. हे औषध वरच्या थरातच मुरते, म्हणून एका दिवसात चमत्कार होत नाही. पण बाहेर पडणारा किडा आणि नवी अंडी यांना त्याचा आळा बसतो. मुलांच्या हाताला ते लागू देऊ नये, आणि पोळपाट-लाटण्याला तर ते मुळीच लावू नये.

दुसरी खरी वाळवी. ती भुसा पाडत नाही. भिंतीवरून चिखलाच्या नळ्या करत येते, कारण तिला जमिनीतली ओल हवी असते. नळी मोडून टाकली म्हणजे वाळवी गेली असे नव्हे, ती दुसऱ्या वाटेने येते. ओल कुठून येते ते शोधा. न्हाणीचा पाझर, गळका नळ, कुंड्यांचे पाणी यांचा बंदोबस्त करा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. जमिनीत औषध घालण्याचे काम मात्र जाणकार माणसाकडून करून घ्यावे. ती औषधे विषारी असतात, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

ओलीचा विषय निघाला म्हणून सांगते. आपल्या अंबाबाईच्या देवळातील गरुड मंडप सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचे लाकडी खांब खराब झाल्यामुळे अलीकडच्या वर्षांत तो मंडप उतरवून नव्याने उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले. एवढ्या मोठ्या, एवढ्या सांभाळलेल्या वास्तूची ही गत, तर आपल्या कपाटाची काय कथा! लाकडाचे कापलेले टोक पाणी सर्वांत जास्त पिते. म्हणूनच जुन्या वाड्यांत लाकडी खांब उघड्या मातीत रोवत नसत, त्याच्याखाली दगडी तळखडा देत. आपण मात्र रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतो आणि पलंगाचे पाय ते पाणी गुपचूप पीत राहतात. प्रत्येक पायाच्या तळाला वितळलेले मेण किंवा रंगाचा हात द्या, खाली रबराची टोपी घाला. आपला तळखडा झाला!

पुराचे सांगायचे राहिले. आपल्या गावात सुतारवाडा हाच आधी हलवाव्या लागणाऱ्या वस्त्यांपैकी एक. २०१९ नंतर २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आले. पुढेही येईल. तेव्हा नीट लक्षात ठेवा. सामान भिजले तर चिखल वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवा. फुगून अडकलेला खण ओढून काढू नका. मागची फळी काढून मागून ढकला. सगळे सावलीत, वाऱ्याला ठेवा. सुट्या फळ्या एकावर एक रचताना मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा आणि वर वजन ठेवा, म्हणजे त्या वाकत नाहीत. वाळले कधी हे कसे कळायचे? एक खण दर आठवड्याला काट्यावर वजन करा. लागोपाठ दोन आठवडे वजन तेच आले की लाकूड वाळले. त्याआधी पॉलिश केले तर ओल आत कोंडते आणि बुरशी धरते.

भुसा दाबून केलेल्या बोर्डाचे कपाट असेल तर त्यावर अश्रू गाळू नका. त्यातले कण एकदा फुगून सुटले की पुन्हा एकजीव होत नाहीत. आमचे हप्त्याने घेतलेले कपाट असेच गेले. शेवटचे तीन हप्ते मी कपाट नसताना भरले. बिजागऱ्या, मुठी, कुलूप, आरसा काढून ठेवा, एवढाच त्याचा वारसा. पुन्हा घेताना, निदान मोरीजवळच्या आणि तळमजल्याच्या सामानाला, आय. एस. ७१० असा शिक्का असलेले, पाण्यात टिकणारे प्लायवूड मागा.

आता सावधगिरीचे चार शब्द. जवसाचे तेल लाकडाला फार चांगले. पण त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हवेशी मिळताना ते तेल तापते आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करताना जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. २०२४ च्या ८ ऑगस्टच्या रात्री आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. एवढ्या वर्षांच्या आठवणी एका रात्रीत भस्म होताना आपण पाहिल्या. आगीला लाकूड दाखवू नये, एवढे त्यातून घ्या. तिसरे, उंच कपाट वरून भिंतीला पट्टीने आवळून ठेवा. लहान मूल उघड्या खणांवर पाय देऊन वर चढते आणि कपाट त्याच्या अंगावर येते. पाच मिनिटांचे काम आहे, आज घरी जाऊन करा.

चौथी गोष्ट सांगताना मला पुन्हा पाळण्याकडे यावे लागते.

सुतारमामांनी तळाला नवी फळी घातली. त्यांनी ती चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडली नाही. खाचेत सोडली, म्हणजे ऋतूप्रमाणे तिला हलायला जागा राहिली. पाळणा पुन्हा उभा राहिला. पुढे लेक बाळंतपणाला आली आणि सासूबाई म्हणाल्या, "बाळ आपल्या पाळण्यात निजवायचं." मी टेप घेऊन गजांमधले अंतर मोजले, ते चार इंच भरले. बाळाच्या पाळण्यात ते सहा सेंटिमीटरांहून, म्हणजे सुमारे सव्वादोन इंचांहून, जास्त असू नये, नाहीतर अंग बाहेर घसरून डोके अडकू शकते. आणि तो जुना लाल-हिरवा रंग! पूर्वीच्या रंगांत शिसे असे. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जुना रंग सुटत असेल तर बाळाच्या तोंडात तो जाऊ देऊ नये. आणि तो कोरडा घासूही नये, कारण धूळ श्वासातून जाते. घासायचाच तर ओला करून, बाहेर, तोंडाला फडके बांधून, मुले जवळ नसताना घासावा.

मी नको म्हटले. सासूबाई म्हणाल्या, "तीन पिढ्या यातच वाढल्या. कुणाचं डोकं अडकलं?" त्यांचेही खरे होते. मी मामांना विचारले, मधे आणखी गज बसवता येतील का? त्यांनी वरची पट्टी ठोकून पाहिली आणि मान हलवली. पुराने ती आधीच चिरली होती. आणखी भोके पाडली असती तर मोडली असती. मी जन्मात एवढी धडपड करून एक वस्तू वाचवली, आणि मीच ती वापरायला नाही म्हणायची वेळ आली. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही.

शेवटी बारशाच्या दिवशी पाळण्यात जाड नवी दुलई चारी बाजूंनी लावली. नाव ठेवेपर्यंत बाळ त्यात राहिले. एका बाजूला सासूबाईंचा हात, एका बाजूला माझा. निजायला ते गादीवर गेले. आता त्या पाळण्यात आमची घडीची पांघरुणे असतात. दर दिवाळीला सासूबाई तो स्वतः कोरड्या फडक्याने पुसतात, आणि त्यांना मी बाकी काही करू देत नाही एवढाच वाद उरला आहे.

भगिनींनो, दुरुस्ती करायला शिकणे म्हणजे कुठे थांबायचे हेही शिकणे. छताचे वासे, जिना, उंच माळे, विजेच्या यंत्राने कापायचे काम आपले नव्हे. तिथे सुताराला मान देऊन बोलवावे आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. तो आपल्याला लाकूड विकत नाही, तीस वर्षांचा हात देतो. पण ढिला स्क्रू, सुटलेला सांधा, अडलेला खण यासाठी चार-चार दिवस कोणाची वाट पाहत बसावे, हेही आता पुरे झाले.

मंडळाला माझी एक सूचना आहे. हातोडी, दोन पेचकस, पक्कड, लहान करवत, पटाशी, गुण्या, टेप, काचकागद, दोरीचा गुंडा आणि डिंकाची बाटली एवढे एका पेटीत घालून ती मंडळाच्या खोलीत ठेवावी. ज्या घरी अडेल तिने वहीत नाव लिहून न्यावी आणि परत आणावी. शिकवायला दर महिन्याला एक दुपार मी देईन. येताना आपापली डगमगती खुर्ची घेऊन या.

अध्यक्षीणबाईंची ही खुर्ची मघापासून कुरकुरते आहे, ते मी ऐकते आहे. सुरुवात तिच्यापासूनच करू. एवढे बोलून आपली रजा घेते.